पावणेदोन लाख किलोमीटर झालेल्या ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला काढण्याआधी

गॅरेजला फोन करण्याआधी आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा आणि वहीत लिहीत जा. सकाळी थंड असताना रिव्हर्स टाकल्यावर ओढ घ्यायला किती वेळ लावते? दोन सेकंदांच्या वर गेलं तर तसं लिहा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम वर पळतो आणि गाडी मात्र तेवढीच राहते का? झटका थंड असताना बसतो की गरम झाल्यावर? आमची होंडा सिटी २०१० ची, पाच गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी), १ लाख ७४ हजार किलोमीटर झालेली. राहतो साताऱ्यात, त्यामुळे पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ हीच आमची टेस्ट ड्राइव्ह. मिस्त्रींना नुसतं ‘झटके देते’ म्हणालात तर त्यातून काहीही निघू शकतं. ‘गरम झाल्यावर, साठच्या आसपास, पाय हलका असला की थरथरते, जोरात दाबलं की थांबते’ म्हणालात तर आधी लॉक-अप क्लचवर, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर, संशय जातो, आणि ती थरथर बऱ्याचदा ताज्या ऑइलनेच कमी होते.

मग बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. डॅशबोर्डवरचा ‘डी’ लुकलुकत असेल तर त्याआधी काहीच करू नका. पी०७०० एवढाच कोड दाखवून कुणी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणालं तर मान डोलावू नका. त्या कोडचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची काहीतरी तक्रार आहे. तक्रार कसली, ते त्याच्या सोबतच्या कोडमध्ये असतं. सगळे कोड लिहून घ्या आणि मगच पुसू द्या.

इंजिनाची माउंटिंगं, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघायला मात्र विसरू नका. बॉनेट उघडा, गाडीसमोर कुणाला उभं करू नका, बाजूने बघायला सांगा. ब्रेक घट्ट दाबून, हँडब्रेक ओढून गिअर डी-आर-डी असा फिरवा. इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर धक्का गिअरबॉक्सचा नसून फाटलेल्या रबराचा असू शकतो. आम्हाला एका गॅरेजने थेट ओव्हरहॉलचा आकडा सांगितला होता. निघालं एक माउंटिंग. तो आकडा आठवला की अजून घाम फुटतो.

आता सामान. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, आमच्या गाडीला होंडाचं डीडब्ल्यू-१. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा दुकानातच राहू द्या, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेटची पकड ऑइलच्या घडणीवर अवलंबून असते. खालचा ड्रेन बोल्ट सोडून एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. आमच्या गाडीत साधारण सहापैकी अडीच लिटर निघतं. म्हणजे एकदा बदललं तर जेमतेम चाळीस टक्के नवं. मधे गाडी फिरवून तीनदा केलं तर ऐंशीच्या आसपास. म्हणून आठ लिटर एकदम आणा. मशीन लावून दाबाने सगळं धुऊन काढायचा प्रकार एवढ्या जुन्या गिअरबॉक्सवर मी करू देत नाही. ड्रेन बोल्टचं वॉशर तीन नग घ्या, दर वेळी नवं. पाना लागत नाही, त्या बोल्टच्या चौकोनी खाचेत ३/८ चा रॅचेट थेट बसतो. लांब नळीचं नरसाळं, टॉर्क रेंच, जॅकस्टँड आणि एक लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्याही ठेवा. फिल्टर मात्र शोधत बसू नका. या गिअरबॉक्सला खाली उघडायचा पॅन नाही आणि आतली जाळी गिअरबॉक्स खोलल्याशिवाय हाती लागत नाही. इतर कंपन्यांच्या बऱ्याच गाड्यांत पॅन, गॅस्केट आणि फिल्टर असतात, त्यांचं सामान वेगळं.

कामाच्या दिवशी गाडी कोमट ठेवा, उकळती नको. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नका. आणि खालचा बोल्ट सोडण्याआधी वरचा, म्हणजे भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. वर गंजून बसलेला आणि खाली गिअरबॉक्स रिकामा, असं झालं तर गाडी टो करूनच न्यावी लागेल.

ऑइल बाटल्यांत ओतून उजेडात धरा. तपकिरी असेल तर वयाचं. काळं आणि जळका वास असेल तर क्लच घसरलेत. गुलाबी, दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय, आणि मग आधी रेडिएटर, ऑइल नंतर. ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असतो, तो बोटाने पुसा. काजळासारखा मऊ राखाडी लेप आला तर ठीक, एवढ्या किलोमीटरला येणारच. बोटाला टोचणारे कण, चमकणारे तुकडे आले तर तिथेच थांबा, पुढच्या साडेपाच लिटरचे पैसे वाचवा आणि गिअरबॉक्स खोलणाऱ्याकडे जा.

जितकं निघालं तितकंच मोजून भरा, बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला. मग सपाट जागेवर रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, बंद करा आणि साठ ते नव्वद सेकंदांत डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. होंडाचं असं आहे. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींना डिपस्टिकच नसते, तिथे ठरावीक तापमानाला भोकातून जास्तीचं ऑइल सांडू देतात. पुस्तक बघा, शेजाऱ्याला विचारू नका.

एक मिस्त्री मला म्हणाले होते, “साहेब, इतकी वर्षं चाललंय ना? मग जुनं ऑइल काढू नका, गिअरबॉक्स बसेल.” त्यांचं अगदीच खोटं नाही. आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सची क्लचप्लेट झिजून संपलेली असते, आणि तो बसला की आदल्या आठवड्यात बदललेल्या ऑइलवर खापर फुटतं. म्हणून ती आठवड्याची वही. आरपीएम पळत असेल तर ऑइलची आशा धरू नका. थरथर असेल, शिफ्ट जरा कडक झाले असतील आणि चुंबकावर मऊ लेपाशिवाय काही नसेल तर बेलाशक बदला.

पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मधे मी दोन आठवडे ठेवले, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधेही तेवढेच. जुनं ऑइल गटारात नको. गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचं पिंप असतं, त्यात द्या. फक्त प्रत्येक खेपेची एक बाटली, तारीख आणि किलोमीटर लिहून, तिसरी खेप होईपर्यंत ठेवा. आमच्या तिसऱ्या बाटलीतून पलीकडे धरलेली बोटं दिसत होती, पहिलीतून टॉर्चचा उजेडही नीट येत नव्हता.