नवोदयचा फॉर्म कुणाचा भरायचा? या चुका टाळा

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा असते. पाचवीचा वर्ग हातात आला की मुख्याध्यापक विचारणारच, "गुरुजी, यंदा नवोदयला कोणकोण?" आणि गुरुजी हजेरीपट न उघडता चार नावं सांगणार. चौथीला ज्यांचा नंबर आला ती. बाकीच्या पोरांना असा काही फॉर्म असतो हेसुद्धा कळत नाही.

फॉर्मला फी नाही, मग गाळणी कशाला? "निकाल खराब दिसतो" हे उत्तर मी फार ऐकलंय. पेपर तरी बघा. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यातले 40 प्रश्न, म्हणजे 50 गुण, मानसिक क्षमतेचे, निव्वळ आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला की कसा दिसेल. गणिताला 25, भाषेला 25, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. निम्म्या पेपराला ना पाठांतर लागतं ना वळणदार अक्षर, आणि आपण निवड करतो ती नेमकी त्यावरच.

मी शाळा उघडली की अख्ख्या वर्गाला आकृत्यांचा एक कागद देतो. परीक्षेचं नाव काढत नाही, कोडी म्हणून देतो. उतारा वाचताना अडखळणारी एखादी पोर घडीचा कागद मनातल्या मनात उलगडून मोकळी होते आणि पहिल्या नंबरवाला पेन्सिल चावत बसतो, हे दर वर्षी बघतो. वाचन परीक्षेपर्यंत सुधारता येतं. तरी मी कुणालाच गाळत नाही. ज्याचे कागद बसतात, त्याचा फॉर्म भरतो.

आता कागद. माझी खरी चिडचिड इथेच आहे.

नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण कोण, तर ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं, तरी तो शहरी. आपल्याकडे कितीतरी झेडपी शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरगं एसटीने तालुक्याच्या हायस्कुलात जातं. राहतं वस्तीवर, आधारवर गाव, रेशनकार्डावर गाव, बापाला दोन एकर कोरडवाहू. आणि तालुक्याच्या कितीतरी गावांची 2014-15 च्या सुमारास नगरपंचायत झालेली. रस्त्यावरचा चिखल तोच, पण कागदावर शहर.

ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. फॉर्म कुणी भरला, तर कॉम्प्युटर सेंटरवाल्याने. पत्ता बघितला आणि 'ग्रामीण'वर टिक मारली. शाळेने न वाचता सही-शिक्का दिला. पोराचं नाव यादीत आलं, गावात पेढे वाटले गेले, बापाने ट्रंकसुद्धा आणली. कागदपत्रं तपासताना पाचवीची शाळा नगरपंचायतीच्या हद्दीत निघाली आणि जागा गेली. बाप आठवडाभर विचारत फिरत होता, "आम्ही शेतातच राहतो की हो, शहरी कसे?" पोरगं हुशार होतं, त्याचा काही दोष नव्हता. म्हणून सांगतो, घर कुठे आहे ते नंतर विचारा, आधी तिन्ही वर्षांच्या शाळा बघा. आणि हौसेने तिसरी-चौथीतच पोराला शहरातल्या शाळेत टाकून वर 'नवोदय स्पेशल' क्लास लावणाऱ्या पालकांना हे तेव्हाच सांगा. क्लासवाले सांगत नाहीत.

दुसरी चूक ऊसतोडीच्या पट्ट्यातली. "तो कशाला, दिवाळीनंतर फडावर जाणार." म्हणून फॉर्मच नाही. परीक्षा ऐन हंगामात येते हे खरं, आणि पाचवीची शाळाही नवोदयच्याच जिल्ह्यातली लागते हेही खरं. पण आजी घरी असते, काही गावांत हंगामी वसतिगृह असतं. मी टोळी निघायच्या आधी, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली त्याच आठवड्यात, आईबापांना गाठतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या गढीच्या नवोदयात पोरगं लागलं तर सहावी ते बारावी राहणं-खाणं फुकट आहे, हे सांगितल्यावर मार्ग बहुतेक वेळा तेच काढतात.

बाकीचं थोडक्यात. "यंदा नाही लागला तर पाचवीत परत बसवू" हा सल्ला देऊ नका, दुसऱ्यांदा बसता येत नाही. जन्मतारीख आधार आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला एकच आहे का, हे जूनमध्येच बघा. मुदतीच्या शेवटच्या रात्री वेबसाइट चालेल या भरवशावर राहणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

आणि पोराला विचारा. आईवाचून जेवत नाही अशा मुलाला बळेच बसवू नका. पण 'मुलगी आहे, घरचे पाठवणार नाहीत' हे तुम्ही परस्पर ठरवू नका. एक तृतीयांश जागा मुलींच्या आहेत. घरचे काय म्हणतात ते त्यांच्या ओट्यावर बसून ऐका, आणि जाताना फॉर्म घेऊनच जा.