घरात उलट्या-जुलाब सुरू झाले की या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी आले, घर भरलं, आणि दोन दिवसांत एकामागून एक माणूस उलट्या करत पडला, तर फक्त विहिरीच्या पाण्याला दोष देऊन थांबू नका. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूचाही संशय घ्या. तो कडी, नळ, मोबाइलवर कित्येक दिवस तग धरतो आणि आजारी पडायला त्याचे शंभराहून कमी कण पुरतात.

पहिली चूक सॅनिटायझरची. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण होतं, अल्कोहोलने ते फुटायचं. नोरोला आवरणच नाही, म्हणून सॅनिटायझरवर विसंबू नका. हात साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली धुवा. कंटाळा करणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग नाही.

दुसरी चूक पोतेऱ्याची, आणि हिचा मला खरंच राग येतो. आमच्या शेजारच्या वाडीत पडवीत पोराला उलटी झाली. घाईघाईत फिनेलच्या पाण्यात पोतेरं बुचकळून ती पुसली, मग तेच पोतेरं माजघरात फिरलं. वास गेला, सगळे निश्चिंत. संध्याकाळी आरती, पाठोपाठ भजन. त्याच पडवीत मंडळी बसली, पिंपावरचा तांब्या सगळ्यांच्या हातांतून फिरला. दोन दिवसांत अर्धी वाडी आडवी.

मी असं करते: पोरांना लांब पाठवायचं, खिडक्या उघडायच्या. नाका-तोंडाला मास्क, हातांत मोजे. उलटीवर वर्तमानपत्र टाकून ती गोळा करायची, पिशवीला गाठ मारायची. जागा साबणाने धुवायची. मग लिटरभर पाण्यात पाच टक्क्यांचं ब्लीच 100 मिली घालून ते ओतायचं आणि पाच मिनिटं तसंच ठेवायचं. लोक ओततात नि लगेच पुसतात. मग ओतलंत कशाला? कड्या, नळांना लिटरला 20 मिली पुरे. सारवलेल्या जमिनीत ब्लीच वाया जातं. तिथला वरचा थर खरवडून टाका.

ब्लीचमध्ये संडासाचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

जुलाब थांबले की लगेच मोदक वळायला बसू नका. निदान 48 तास स्वयंपाकघराबाहेर राहा. विषाणू त्यानंतरही शौचातून पडत राहतो, म्हणून साबण सोडू नका.

आणि तिसरी चूक शिंपल्यांची, म्हणजे तिसऱ्या-कालवांची. ती पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, पाण्यातले विषाणू त्यांच्या पोटात साठतात. शिंपला उघडला म्हणजे शिजलं असं नाही. मांस आतपर्यंत 90 अंशांवर दीड मिनिट तापलं पाहिजे, म्हणून शिंपले उघडल्यावरही मी ती रश्शात चांगली उकळू देते. चिवट होतात अशी तक्रार येते. येऊ दे.