दोन दारांचा फ्रिज : जागा मोजण्यापासून गॅस भरण्यापर्यंतची तयारी

वर फ्रीझर आणि खाली मुख्य कप्पा असलेला, दुकानात सरसकट ‘डबल डोअर’ म्हणून मिळणारा फ्रिज नवा घ्यायचा असो की घरातला सांभाळायचा असो, तयारीची सुरुवात त्याचे काम समजून घेण्यापासून करावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावरच ठरतात. या फ्रिजमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल असते. तिच्यालगतचा लहान पंखा थंड हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि त्यातलीच थोडी हवा खालच्या कप्प्यात सोडतो. तिथे गरम झालेली हवा झरोक्यांतून पुन्हा वर कॉइलकडे जाते. म्हणजे ज्या कप्प्यात आपण दूध, दही आणि भाजी ठेवतो त्याला स्वतःची थंडी नसते, ती वरून येते. कॉइलवर साचणारा बर्फ वितळवण्यासाठी तिच्याजवळ हीटर असतो, आणि वितळलेले पाणी नळीने मागे उतरून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडते व तिथल्या उष्णतेने वाळून जाते.

खरेदीला निघण्यापूर्वी जागा मोजावी, आणि ती केवळ फ्रिजच्या रुंदीपुरती मोजू नये. घराचे दार, जिन्याचे वळण, लिफ्ट आणि स्वयंपाकघराची चौकट या सर्वांची मापे कागदावर लिहून न्यावीत. पूर्वी फ्रिजच्या पाठीला नळीची काळी जाळी असे. आता बहुतेक मॉडेलांत तीच नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते, म्हणून फ्रिजच्या कडा हाताला गरम लागतात. आतली उष्णता बाहेर टाकण्याची ही वाट असल्याने मॉड्युलर किचनमध्ये फ्रिजच्या मापाचा घट्ट कोनाडा करून घेणे मला अत्यंत चुकीचे वाटते. माहितीपुस्तिकेत बाजूला, मागे आणि वर किती जागा सोडायला सांगितली आहे ते पाहून मगच सुताराला माप द्यावे. दार कोणत्या बाजूला उघडते आणि भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येण्याइतके ते उघडते का, हेही त्याच वेळी पाहावे.

चौघांच्या कुटुंबाला साधारणपणे २५० ते ३०० लिटरचा फ्रिज पुरतो; आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्यांनी, इडली-डोशाचे पीठ नेहमी ठेवणाऱ्यांनी किंवा मासे साठवणाऱ्यांनी थोडा मोठा घ्यावा. घरात दोघेच असतील आणि फ्रीझरचा वापर बर्फापुरताच असेल, तर एका दाराचा डायरेक्ट कूल फ्रिज अधिक शहाणपणाचा ठरतो, कारण त्यात सहसा पंखा आणि हीटर नसल्याने बिघडण्यासारखे भाग कमी असतात. बर्फ मात्र अधूनमधून स्वतः वितळवावा लागतो. गुडघेदुखी असलेल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, की फ्रीझर वर असलेल्या फ्रिजमध्ये भाजीचा ट्रे अगदी तळाशी असतो आणि त्यासाठी रोज वाकावे लागते.

ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकित लेबल फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रिजवर २०१० पासून सक्तीचे आहे. त्यावर ताऱ्यांपेक्षा वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा पाहावा. तारे फ्रिजच्या आकारमानाच्या हिशेबाने मिळत असल्याने तीन ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खातो, आणि तरीही दोन्ही लेबले योग्यच असतात. त्या आकड्याला आपल्या वीजबिलातील वरच्या टप्प्याच्या दराने गुणावे, म्हणजे दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक किती वर्षांत भरून निघेल हे दुकानात उभ्या उभ्या कळते. लेबलवर ते कोणत्या कालावधीसाठी लागू आहे हेही छापलेले असते. पाडव्याच्या किंवा दिवाळीच्या सवलतीत जुना साठा निघत असतो आणि ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असतात, म्हणून तो कालावधी जरूर वाचावा.

आतल्या बाजूला किंवा पाठीवर चिकटवलेल्या माहितीपट्टीकडे ग्राहक क्वचितच पाहतात, पण मला ती लेबलाइतकीच महत्त्वाची वाटते. तिच्यावर नळ्यांत फिरून थंडावा तयार करणाऱ्या गॅसचे नाव आणि ग्रॅममधील वजन असते, तसेच हवामानाचा वर्ग दिलेला असतो. ‘एन’ वर्गाचा फ्रिज ३२ अंशांपर्यंतच्या, ‘एसटी’ ३८ पर्यंतच्या आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथल्या घरात ‘टी’ वर्गाखालचा फ्रिज घेऊ नये, आणि ‘टी’ वर्गाचा घेतला तरी पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला किंवा गॅसच्या शेगडीला लागून ठेवू नये. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे वीज वाचते आणि आवाजही कमी होतो. मात्र त्याचा नियंत्रण बोर्ड महाग असतो. दहा वर्षांच्या हमीचे स्टिकर पाहून समाधान मानू नये. ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते, आणि गॅस, मजुरी व बोर्ड तिच्यात येतात का, हे हमीपत्रावरच वाचावे. काचेचे कप्पे, दारावरचा डिस्प्ले आणि रंग यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

फ्रिज घरी येण्याच्या दिवशी त्याच्यासाठी स्वतंत्र, अर्थिंग असलेला थ्री-पिन पॉइंट तयार हवा; एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज चालवू नये. आणताना तो आडवा झाला असेल तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरलेले असू शकते, म्हणून काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा. चारही पाय जमिनीला टेकवून पुढचे पाय किंचित उंच ठेवावेत, म्हणजे दार आपल्या भाराने बंद होते. बिल, हमीपत्र आणि माहितीपट्टीचा फोटो एका ठिकाणी जपून ठेवावा. दोन दारांमधली पट्टी पहिल्याच दिवशी गरम लागते आणि अनेकजण घाबरून तक्रार नोंदवतात. बाहेरून दव धरू नये म्हणून तिथून गरम नळी फिरवलेली असते.

व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या गावात, विशेषतः कोकणात पावसाळ्यात वीज सतत ये-जा करते तिथे, स्टॅबिलायझर हवाच. फ्रिज ‘स्टॅबिलायझरविना चालणारा’ असला तरी माहितीपुस्तिकेत दिलेली व्होल्टेजची मर्यादा आपल्या घरातील व्होल्टेजशी ताडून पाहावी. स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर सुमारे तीन मिनिटे थांबण्याची सोय असावी. कॉम्प्रेसर बंद पडला की नळ्यांमधला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि दाब असमान असताना तो पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला तर मोटर अडकून तापते.

रोजच्या वापरात खालच्या कप्प्याचे तापमान ३ ते ५ अंश आणि फ्रीझरचे उणे १८ अंशांच्या आसपास असावे. त्यासाठी साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा, कारण बटणावरचे आकडे अंश दाखवत नाहीत. ज्या मॉडेलांत दोन बटणे असतात, त्यांपैकी फ्रीझरमधले बटण अनेकदा हवेची वाटणी ठरवते. उन्हाळ्यात ते पूर्ण थंडीकडे फिरवले की हवा वरच अडते आणि खालचे दूध नासू लागते. तक्रार ‘थंडी कमी झाली’ अशी असते, आणि उपाय म्हणून तेच बटण आणखी फिरवले जाते. उन्हाळ्यात फ्रीझरचे बटण मधोमध ठेवून खालचे वाढवणे योग्य.

सामान लावताना हवेचे झरोके मोकळे ठेवावेत. सायीचे रुंद पातेले मागच्या भिंतीला टेकवून ठेवले की त्याच्यामागे हवा कोंडते, आणि झरोक्याच्या तोंडाशी ठेवलेली कोथिंबीर काळी पडून काचेसारखी कडक होते, तर त्याच वेळी दारातल्या बाटल्या कोमट असतात. एकाच कप्प्यात असा विरोधाभास दिसला की बिघाड शोधण्याआधी सामान हलवावे. गरम आमटी थेट आत ठेवू नये, पण ती गार होण्यासाठी रात्रभर ओट्यावरही ठेवू नये; दोन तासांच्या आत ती आत गेली पाहिजे. फ्रिजवर दोन्ही बाजूंनी खिसे लोंबणारे प्लास्टिकचे कव्हर आपल्याकडे घरोघरी दिसते. त्याने बाजूच्या पत्र्यातून निघणारी उष्णता कोंडते, म्हणून ते काढून टाकावे.

देखभालीत दाराच्या रबराला पहिला मान द्यावा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. ती सहज निसटली तर तिथून बाहेरची दमट हवा आत जाते आणि कॉइलवर बर्फ होऊन बसते. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारी हवेत आणि पावसाळ्यात हा त्रास अधिक होतो, शिवाय रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून मऊ कापडाने ती पुसावी. रबर आखडले असेल तर कोमट पाण्याच्या शेकाने ते बऱ्याचदा पुन्हा बसते. पाठीला जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ दर तीन-चार महिन्यांनी ब्रशने झाडावी. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर पाणी उतरण्याची नळी अनेकदा तुंबलेली असते. तिचे तोंड दिसत असेल तिथे लवचीक नळीने कोमट पाणी सोडावे. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत घालू नये, कारण जिथे बर्फ आहे तिथे जवळच गॅसची नळीही असते.

आता बिघाडाची तयारी. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात, कारण आपल्याकडे कुठल्याही फ्रिजचे निदान ‘गॅस संपला’ या दोन शब्दांत उरकले जाते. गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो आणि गळती झाली तरच कमी होतो.

वर बर्फ होतो आहे पण खालचा कप्पा गरम, ही या फ्रिजची सर्वांत नेहमीची तक्रार आहे, आणि तिचे कारण बहुधा हवेच्या मार्गात सापडते. फ्रीझरचे दार उघडल्यावर अनेक मॉडेलांत पंखा थांबतो. दाराचा खटका दिसत असेल तर तो बोटाने दाबून पंख्याचा आवाज येतो का ते ऐकावे. आवाज नसेल तर पंखा किंवा खटका तपासायला सांगावा. पंखा चालू असून हवा लागत नसेल, किंवा तो खरडल्यासारखा आवाज करत असेल, तर मागच्या कॉइलवर बर्फाची भिंत तयार झालेली असते. अशा वेळी सामान काढून, प्लग काढून, दोन्ही दारे चोवीस तास उघडी ठेवावीत आणि खाली जुनी फडकी अंथरावीत. मग फ्रिज चालू केल्यावर तो काही दिवस उत्तम चालला आणि नंतर खालचा कप्पा पुन्हा गरम होऊ लागला, तर गॅस शाबूत आहे. दोष बर्फ वितळवणाऱ्या साखळीत, म्हणजे हीटर, त्याचा फ्यूज, सेन्सर, टायमर किंवा बोर्ड यांपैकी एकात आहे. हे निरीक्षण मेकॅनिकला स्पष्ट शब्दांत सांगितले तर अनावश्यक गॅस भरण्याचा खर्च वाचतो.

दोन्ही कप्पे गरम आहेत, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि बाजूचे पत्रे मात्र गार आहेत, असे असेल तर गॅसगळतीचा किंवा कॉम्प्रेसरचा संशय घ्यावा. पॅनेल उघडल्यावर कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर हिम आणि बाकीची कॉइल कोरडी दिसली तर तो संशय बळावतो. कॉम्प्रेसर सुरू न होता दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येत असेल तर आधी व्होल्टेज आणि मग कॉम्प्रेसरवरचा रिले (मोटर सुरू करून देणारा भाग) व ओव्हरलोड (मोटर तापल्यास वीज तोडणारा भाग) तपासावा. हे भाग स्वस्त असतात आणि अनेकदा तेवढ्यानेच काम होते.

गॅस भरायचाच ठरला तर काम करून घेण्याची रीत आधी ठरवावी. गळती कुठे आहे ते दाखवल्याशिवाय गॅस भरू देऊ नये. फिल्टर नवा बसवावा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल काढावी, आणि माहितीपट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे काट्यावर वजन करूनच गॅस भरावा. अंदाजाने भरलेला गॅस काही महिन्यांत पुन्हा तक्रार आणतो. आजच्या बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असल्याने गळल्यावर जमिनीलगत साचतो. त्यामुळे काम सुरू होण्याआधी शेगडी आणि देवघरातले निरांजन विझवावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि जुना गॅस पूर्ण बाहेर गेल्याशिवाय नळीजवळ ज्योत नेऊ देऊ नये. या गॅसचे काम केलेला मेकॅनिकच बोलवावा. इथे ओळखीपेक्षा अनुभव पाहावा. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि कामाचे बिल घ्यावे. सेवा न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पंखा, हीटर, सेन्सर, रिले, रबर यांच्यासाठी दहा वर्षांचा फ्रिजही दुरुस्त करावा, असे माझे ठाम मत आहे. पण पत्र्याआडच्या न दिसणाऱ्या नळीत गळती असेल, किंवा हमी संपल्यावर कॉम्प्रेसर गेला असेल, तर दुरुस्तीचा आकडा नव्या फ्रिजच्या किमतीच्या निम्म्यावर गेल्यास तो बदलणे परवडते. जुना फ्रिज भंगारवाल्याला देऊ नये, कारण तिथे नळ्या कापून गॅस हवेत सोडला जातो. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिजचा समावेश आहे. नवा घेताना कंपनीची परत घेण्याची सोय किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्र विचारावे, आणि फ्रिज न्यायला येईपर्यंत तो गच्चीवर किंवा अंगणात पडून राहणार असेल तर त्याची दारे काढून ठेवावीत, म्हणजे खेळताना एखादे मूल आत कोंडले जाणार नाही.