जंगल तुटले की कणगी रिकामी होते: गावाने सुरुवात कुठून करावी

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांच्या पाड्यांवर आषाढ-श्रावणात अनेक घरांची नागली (नाचणी) संपत येते, नवे पीक मात्र दिवाळीच्या सुमारास हाती येते. मधले दिवस बरेचसे रानभाज्यांवर निघतात. म्हणून वृक्षलागवडीचे खड्डे खणण्याआधी गावाने रानातून ताटात काय येते याची यादी करावी.

ही यादी चावडीवर बसून होत नाही. जाणत्या म्हाताऱ्यांसोबत, विशेषतः भाजी खुडणाऱ्या बायांसोबत, रानात फिरूनच करावी आणि प्रत्येक भाजीपुढे ती कधी उगवते, कुठे सापडते व कशासोबत शिजते हे लिहावे. पावसाच्या सुरुवातीला उगवणारी शेवळे ही रानभाजी घशाला खाजते; ती खाज मारण्यासाठी त्यात काकड या झाडाची आंबट फळे घालतात. काकड सरपणात गेला, तर शेवळे समोर असूनही चिंचेसाठी बाजार गाठावा लागतो. अशा जोड्यांमधील झाडे आधी राखावीत.

त्यानंतर खुंट मोजावेत. साग, ऐन यांच्या खुंटांची मुळे जिवंत असतील तर कुऱ्हाडबंदी व चराईबंदीत धुमारे फुटतात. त्यांतील एक-दोन सरळ ठेवून बाकीचे छाटावेत. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने ते नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. चराईबंदी मात्र एकेका तुकड्यावर आळीपाळीने घालावी. सगळे रान एकदम बंद केले, तर शेळ्या रात्री शिरतात. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, ते ताजे असतानाच पावसात जागेवर टोकावे.

राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या छाटणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर नागलीची रोपे चांगली येतात, हे एका वाफ्यावर करून दाखवावे. उघड्या उतारावर समतल चर काढावेत. नाहीतर वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीची माती पावसाबरोबर ओहोळात जाते आणि नागलीचा उतारा घटतो.

राखलेल्या रानावर गावाचा हक्कही हवा. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक हक्कांसाठी नमुना ‘ख’ आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना ‘ग’ भरावा. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, पण एकाच पुराव्यावर विसंबू नये. या दाव्यांच्या ठरावाच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात, म्हणून ती आवणीच्या (रोपांच्या लावणीच्या) दिवसांत ठेवू नये.