गाडीचा रोबोट होतो ती खेळणी: कशी घ्यायची, कशी खेळायची

ग्वाल्हेरचा मेळा लागला की आमच्या घरी दोन गाड्यांचा विषय निघतो. मोठी माणसं विचारतात यंदा मेळ्यात घेतलेल्या गाडीवर आरटीओच्या टॅक्समध्ये सूट आहे का, आणि मुलाला हवी असते रोबोट होणारी गाडी. तीन वर्षांपूर्वी तो साडेपाच वर्षांचा होता तेव्हा मी मेळ्यातूनच एक घेतली, सेलवर चालणारी, अडीचशे रुपयांची. दुकानदार म्हणाला "दीदी, अपने आप बनता है, बच्चे को कुछ करना ही नहीं पड़ता", आणि मला तेव्हा ते चांगलंच वाटलं. घरी आल्यावर गाडी फरशीवर पळायची, मध्येच थांबून उभी राहायची, लाल-निळे लाइट, कर्कश गाणं, परत गाडी. दोन दिवस मजा. तिसऱ्या दिवशी तो तिचे पाय हाताने ओढायला लागला, म्हणे "आई मला करू दे ना, हा सगळं स्वतःच करतो", आणि आतले दाते कर्रकन वाजून मोडले.

तेव्हापासून आमच्याकडे अशी पंधरा-सोळा खेळणी आली, काही नवी, काही भावंडांकडून, आणि आता नात्यातलं कोणीही घ्यायला निघालं की आधी मला फोन करतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट, या खेळण्याची खरी मजा दुमडण्यात आहे. मुलाने स्वतःच्या बोटांनी बोनेट खाली पाडलं, आतून डोकं बाहेर काढलं, दारं मागे वळवून पंख केले आणि शेवटी सगळं कट्ट करून बसलं, त्या कट्टसाठी हे खेळणं आहे. त्यामुळे घेताना केवढं मोठं, किती चकचकीत हे बघू नका, त्याच्या बोटांना हे एकट्याला जमेल का एवढं बघा. तुम्हालाच दर वेळी करून द्यावं लागलं तर ते खेळणं तुमचं झालं, त्याचं नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. एक ते सेलवालं, रिमोटचं किंवा बिनरिमोटचं, आपोआप उभं राहणारं. ते चालवायचं खेळणं आहे, दुमडायचं नाही, आणि त्याचे हातपाय हाताने ओढायचे नाहीत हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचं (मी सांगितलं नव्हतं). दुसरा वन-स्टेप, एक बटण दाबलं किंवा उचलून झटका दिला की स्प्रिंगने उघडतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा छान, बंद मात्र त्यालाच करावा लागतो आणि त्यातच बोटं तयार होतात. तिसरा खरा, म्हणजे चार-पाचपासून वीस-पंचवीस वेळा काही ना काही फिरवून, सरकवून, दुमडून बदलणारा. याच्या डब्यावर बहुतेक वेळा किती स्टेप्स आहेत तो आकडा छापलेला असतो आणि डब्यावरचा सगळ्यात कामाचा आकडा तोच. आमचा अनुभव असा की पाच वर्षांच्याला चार-पाच स्टेप्स, सातच्या आसपास दहा-बारा, आणि वीसच्या पुढचं आठ पूर्ण झाल्यावरच, तेही त्याला चिकाटी असेल तर. डब्यावर ८+ लिहिलेलं असेल तर "आमचा हुशार आहे" म्हणून सहाव्या वर्षी देऊ नका, प्रश्न हुशारीचा नाही, नखाने एक बारीक पत्रा उचलायची ताकद बोटात यायला वेळ लागतो.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तर नकोच. तपासणीत लहान भाग कोणता ते ठरवायला ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात, जे त्यात पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं असं धरतात, आणि या रोबोटच्या मुठी, बंदुका, छोट्या तलवारी बहुतेक वेळा त्यात मावतात. घरात धाकटं भावंड रांगत असेल तर हत्यारं वेगळ्या डबीत ठेवायची, आमच्याकडे जुन्या पेढ्यांच्या डब्यात आहेत.

आता नाव. आपल्याकडे दुकानात जे काही बदलतं त्याला सरसकट ट्रान्सफॉर्मर म्हणतात, पण ते एका कंपनीच्या खेळण्यांचं नाव आहे. मूळ खेळणी जपानची, टकारा कंपनीने १९८० मध्ये डायाक्लोन नावाची मालिका काढली, त्यातच पुढे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांचे रोबोट आले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ते साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स नावाने विकायला काढले. ऑप्टिमस प्राइम डायाक्लोनमधला, आणि छोटा पिवळा बंबलबी टकाराच्याच मायक्रो चेंज मालिकेतला, तेव्हा तो फोक्सवॅगन बीटल होता. माझ्या मुलाला ही गोष्ट इतकी आवडली की रस्त्यात जुनी बीटल दिसली की तो थांबूनच राहतो. ओरिजिनलमध्ये साइझला नावं असतात, कोअर म्हणजे साधारण ९ सेंमी, डिलक्स १४, व्हॉयेजर १७-१८, लीडर त्याहून मोठा. पहिलं "खरं" खेळणं म्हणून मी डिलक्स सांगते, हातात नीट बसतो. मोठा घेतला तर वजनाने पाय फाकतात आणि उभाच राहत नाही अशी तक्रार सुरू होते.

लोकल घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही, आमच्याकडे बाड्यावरून, म्हणजे इथल्या बाजारातून, घेतलेला एक लाल ट्रक आहे तो महागड्यांपेक्षा जास्त टिकलाय. पण आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, मार्कच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो आणि सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की लायसन्स खरं की खोटं ते कळतं. दुकानात उभ्या उभ्या होतं. नंतर वास घ्या, रॉकेलसारखा उग्र वास आला तर परत ठेवा. कडांवरून बोट फिरवा, साच्यातून निघालेली धार राहिलेली असते ती कापते. दुकानदार डबा उघडू देत असेल तर खांदा आणि गुडघा हलवून बघा, थोडा कडक असलेला बरा, पहिल्याच दिवशी लटकणारा नको. आणि पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे गाडीची काच, ज्या खेळण्यात त्या काचेतूनच बिजागरीची पिन गेलेली असते तिथे जपून, ते प्लास्टिक रंगीत प्लास्टिकपेक्षा लवकर तडकतं.

सेलवालं घेत असाल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतंय का ते आधी. बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळले तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, तेव्हा उद्या बघू असं नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

घरी आणल्यावर पहिला दिवस महत्त्वाचा. डब्यातला कागद फेकू नका!! सगळेजण पुठ्ठ्याबरोबर तो फेकतात आणि मग दोन महिन्यांनी अर्धा रोबोट अर्धी गाडी असं काहीतरी टेबलावर पडून असतं. मी प्रत्येक स्टेपनंतर मोबाइलवर एक फोटो काढून ठेवते, कागदावरचे बाण बऱ्याचदा कळत नाहीत, फोटो कळतो. पहिल्यांदा तुम्ही दोघं मिळून करा, दुसऱ्यांदा तो करेल आणि तुम्ही फोटो दाखवा, तिसऱ्यांदा हात मागे बांधून बसा. अडला तरी घ्यायचं नाही हातातून. फक्त विचारायचं, "याच्या आधी काय हलायचं राहिलं?" कारण जोर लावावा लागतोय याचा अर्थ नव्वद टक्के वेळा हाच असतो की आधीची एखादी स्टेप सुटली आहे. गाडी करताना छप्पर बसत नसेल तर डोकं आत गेलेलं नसतं किंवा मूठ आत वळवलेली नसते, मागची डिकी उघडी राहत असेल तर पाऊल नीट दुमडलेलं नसतं. बहुतेक गाड्यांची रचना तीच, बोनेटची छाती होते, मागचा भाग पाय होतो, छप्पर पाठीवर जातं, एकदा हे डोक्यात बसलं की नवीन खेळणंही कागद न बघता जमायला लागतं.

हात निखळून हातात आला तर मुलं रडायला लागतात. घाबरू नका, गोल गोळीचा सांधा असेल तर जोर पडल्यावर मोडण्याऐवजी तो सुटतो, परत दाबला की टक करून बसतो. प्लास्टिकवर पांढरी रेघ दिसली मात्र थांबायचं, तिथे ताण पडतोय, तिथूनच पुढे तुटणार. सांधा ढिला झाला तर गोळीवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यायचा, रात्रभर पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच बसवायचा, ओला बसवला तर चिकटून कायमचा जाम. हे काम मोठ्यांनी करायचं. फार कडक असेल तर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब, शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल नको, त्यावर धूळ बसते आणि काही प्लास्टिकला तेलाने तडे जातात.

आमच्या ग्वाल्हेरच्या हवेचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे तुटण्याचं अर्धं कारण हवाच आहे. जानेवारीत रात्री पारा चार-पाचवर येतो, सकाळी फरशीवर पडलेला रोबोट उचलून लगेच वळवला की टणक झालेलं प्लास्टिक कटकन जातं. आमचे दोन खांदे असेच गेले. आधी पाच-दहा मिनिटं रजईत किंवा हातात धरून ऊब द्यायची, हीटरसमोर ठेवायचं नाही. उन्हाळ्यात उलटं, बंद कारमध्ये किंवा गच्चीवर ठेवलं तर वाकतं, आणि खिडकीतल्या उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं ते सहज परत पांढरं होत नाही. लूच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याच्या दिवसांत घरभर धूळ असते, ती सांध्यात जाते, तर सेल नसलेली खेळणी कोमट पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून जुन्या टूथब्रशने धुवायची आणि नीट वाळवायची, आतले स्क्रू गंजतात.

आता खेळ. नुसतं बदलून शेल्फवर ठेवलं की आठवड्यात कंटाळा येतो, बदलण्याला काहीतरी कारण लागतं. आमचा सगळ्यात चाललेला खेळ किल्ल्याचा आहे. खऱ्या किल्ल्यावर उरवाई गेटकडून गाडी वर जाते, पण ग्वाल्हेर गेटकडून वरच्या हाथीपोळ दरवाजापर्यंत पायीच चढावं लागतं, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. तर आम्ही गाद्या-उशांचा डोंगर करतो, एका बाजूला पुठ्ठ्याचा उतार म्हणजे उरवाई, दुसऱ्या बाजूला पुस्तकांच्या पायऱ्या. उरवाईने आलात तर गाडी, पायऱ्यांनी आलात तर रोबोट, आणि वर मानमंदिर महाल म्हणजे निळी चादर पांघरलेलं स्टूल. फासा टाकायचा, सम आला तर उरवाई, विषम आला तर पायऱ्या, आणि प्रत्येक वेळी तिथल्या तिथे बदलायचं. भाचे आले की चार-चार जण दुपारभर एकही शब्द न भांडता खेळतात. घड्याळ लावून कोण लवकर बदलतो तो खेळ मात्र मी बंद केला, घाईत सांधे तुटतात आणि धाकटा हरून रुसतो.

आणखी एक आम्ही करतो, डोळे मिटून बदलायचं. आजोबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी होती तेव्हा नातवाने त्यांच्या हातात डिलक्स दिला आणि म्हणाला "आजोबा बोटांनी बघा". त्यांना तासभर लागला, शेवटी दारं उलटी बसली होती पण गाडी चालली. आता दर रविवारी दोघं बसतात, आजोबांचा रेकॉर्ड अकरा मिनिटं आहे.