गोळीबाराची सरकारी फाइल कशी वाचावी

वसाहती सरकारांनी केलेली हिंसा बहुतेक वेळा त्यांच्याच दप्तरात नोंदलेली सापडते. घटनेच्या अहवालात ती सौम्य होते, पण काडतुसांच्या हिशोबात, संचारबंदीच्या वेळापत्रकात, अधिकाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात तिच्या खुणा शाबूत राहतात. त्या कशा वाचायच्या हे शिकायला अमृतसरच्या जालियनवाला बागेतल्या 13 एप्रिल 1919 च्या गोळीबाराइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण दोन्ही बाजूंच्या साक्षी छापील स्वरूपात आहेत.

सुरुवात अहवालापासून करू नका. आधी साक्षींचे खंड घ्या. सरकारने नेमलेल्या हंटर समितीचा अहवाल 1920 साली आला, आणि त्यात बहुमत व अल्पमत असे दोन भाग आहेत. बहुतेक वाचक बहुमताचा निष्कर्ष वाचून थांबतात. बहुमताने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरला दोन गोष्टींत दोष दिला: सूचना न देता गोळीबार सुरू केला, आणि जमाव पांगू लागल्यावरही तो चालू ठेवला. चिमणलाल सेटलवाड, जगत नारायण आणि सुलतान अहमद या तिघा सदस्यांनी मात्र पंजाबात लष्करी कायदा पुकारण्याची गरज होती का, हाच प्रश्न विचारला. तथ्यं तीच, तरी मत फुटलं. ते नेमकं कुठे फुटलं ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढचं सगळं वाचन तिथूनच उलगडतं.

आता आकडेमोड. कागदावर तीन रकाने आखा: साधनं, वेळ, दारूगोळा. बागेत रायफलधारी शिपाई 50 होते, शिवाय 40 जणांकडे फक्त खुकऱ्या. दोन चिलखती गाड्या अरुंद बोळामुळे बाहेरच राहिल्या. गोळीबार सुमारे दहा मिनिटं चालला आणि 1650 गोळ्या झाडल्या गेल्या. भागाकार करा: दर शिपायामागे 33. त्या काळच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या मॅगझिनमध्ये 10 गोळ्या मावत. म्हणजे सरासरी प्रत्येकाने गोळीबार चालू असताना निदान तीन वेळा मॅगझिन भरलं. घाबरून हातून सुटलेल्या फैरी अशा दिसत नाहीत. हा हुकमाखाली, शिस्तीत चाललेला गोळीबार आहे, आणि डायरने साक्षीत तो नाकारलाही नाही. गोळ्या न झाडता जमाव पांगवता आला असता, पण आपल्याला साऱ्या पंजाबवर परिणाम घडवायचा होता, असं त्याने सांगितलं. गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशिनगन चालवली असती का, या सेटलवाडांच्या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘बहुधा हो’ असं होतं.

इथे एक चूक हमखास होते. काडतुसांच्या संख्येवरून मृतांची संख्या काढायला जाऊ नका. त्यावरून हेतू आणि पद्धत कळते, मृत कळत नाहीत.

मृतांच्या आकड्याला तीन प्रश्न विचारा: कोणी मोजलं, कधी मोजलं, आणि मोजणीसाठी पुढे येणाऱ्याला कशाची भीती होती? सरकारी आकडा 379. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या आसपास धरला. मृतांची नावं कळवा असं सरकारने लोकांना सांगितलं ते ऑगस्ट 1919 मध्ये, म्हणजे चार महिन्यांनी. तोवर लष्करी कायद्याखालच्या न्यायमंडळांनी 581 जणांना दोषी ठरवलं होतं आणि त्यांपैकी 108 जणांना फाशी सुनावली होती. आपला माणूस बागेत होता हे अशा वेळी कोण लिहून देईल? म्हणून 379 हा ‘किमान इतके’ असाच वाचावा.

संचारबंदीची वेळही टिपून ठेवा. रात्री आठनंतर बाहेर पडण्यास मनाई होती आणि गोळीबार झाला पाचच्या सुमारास. जखमींना उचलायला लोकांच्या हाती तीन तासही नव्हते. रतनदेवींनी नवऱ्याच्या प्रेताशेजारी बागेतच रात्र काढली, ती जबानी या वेळापत्रकाशेजारी ठेवून वाचा. त्या रात्री जे तडफडून गेले, त्यांचं मरणही त्याच हुकमाचा भाग होता, असं आमचं ठाम मत आहे. सरकारी अहवालात त्याला वेगळा रकाना मिळालेला नाही.

काँग्रेसने हंटर समितीवर बहिष्कार घातला होता, त्यामुळे तिच्यासमोरच्या साक्षींचं पारडं अधिकाऱ्यांकडे झुकलेलं आहे. ही उणीव काँग्रेसच्या स्वतंत्र चौकशीने भरून निघते. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर यांनी सतराशेहून अधिक साक्षीदार तपासले आणि साधारण साडेसहाशे जबान्या छापल्या. त्या वाचताना गल्लीचं नाव आणि वेळ आधी टिपा, वर्णन नंतर.

मग एका जागेवरून नजर उचला. 1920 च्या जुलैमध्ये ब्रिटनचा तेव्हाचा युद्धमंत्री चर्चिलने पार्लमेंटात या घटनेला अपवाद ठरवलं. हा दावा तपासायची रीत सोपी आहे: आजूबाजूचे दिवस आणि महिने मांडा. दुसऱ्याच दिवशी, 14 एप्रिलला, गुजरांवाल्यावर विमानातून बॉम्ब टाकले गेले. 19 एप्रिलपासून अमृतसरच्या एका गल्लीत लोकांना पोटावर सरपटत जायला लावलं. फटके चौकात मारले जात होते. सप्टेंबरात अधिकाऱ्यांना खटल्यांपासून वाचवणारा कायदा झाला, तोही हंटर समितीपुढे साक्षी सुरू होण्याआधी. अपवादाला इतकी व्यवस्था लागत नाही.

हीच रीत इतर साम्राज्यांनाही लागू पडते. बेल्जियमचा राजा लिओपोल्डच्या ताब्यातल्या काँगोत शिपायांना प्रत्येक वापरलेल्या काडतुसामागे तोडलेला हात दाखवावा लागे. तिथे काडतुसांचा हिशोबच कौर्याचं कारण बनला. केनियात 3 मार्च 1959 रोजी ब्रिटिशांच्या होला बंदीछावणीत 11 कैदी मेले, आणि पाण्याच्या गाडीतलं पाणी प्यायल्यावर ते मेले असं पहिल्या सरकारी निवेदनात आलं. शवचिकित्सेत मारहाण उघड झाली. धडा असा की पहिलं निवेदन आणि वैद्यकीय कागद यांच्या तारखा नेहमी शेजारी ठेवाव्यात.

फाइल नसेल तर तेही नोंदवा: क्रमांक, वर्ष, सूचीत नाव आहे का. वसाहती सोडताना सरकारला अडचणीत आणतील असे कागद नव्या सरकारांच्या हाती देऊ नयेत, अशी सूचना लंडनहून 1961 मध्ये गेली होती. केनियाचे असे कागद इंग्लंडमध्ये हॅन्स्लोप पार्क या सरकारी ठिकाणी दडलेले होते. 2011 मध्ये कोर्टातल्या दाव्यामुळे ते बाहेर आले, आणि 2013 मध्ये छळ झालेल्या 5228 केनियन लोकांना भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे उरणजवळच्या चिरनेरचा, जंगल सत्याग्रहींवरचा 25 सप्टेंबर 1930 चा गोळीबार किंवा त्याच वर्षीचा सोलापूरचा लष्करी कायदा घ्यायचा असेल, तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गृह विभागाच्या ‘स्पेशल’ फाइलींची सूची आधी मागा. दिल्लीतले कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. गावाचं नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलेलं असतं, सगळे प्रकार टाकून पाहा. चिरनेरला मामलेदारही मारले गेले, त्यामुळे सरकारी कागदांचा भर त्या मृत्यूवर मिळेल. सत्याग्रहींची नावं खटल्याच्या कागदांत, स्थानिक वर्तमानपत्रांत आणि गावच्या स्मारकावर, अशा तीन ठिकाणी ताडून घ्या.