१९३९च्या रजिस्टरमध्ये आजोबा शोधताय? या चुका टाळा

माझ्या एका मैत्रिणीचे आजोबा १९३०च्या दशकात डॉक्टरकी शिकायला लंडनला आले होते. युद्ध सुरू झालं आणि ते इकडेच अडकले. परत गेल्यावर त्या दिवसांबद्दल घरात फारसं बोलले नाहीत. आम्ही दोघींनी त्यांचा माग काढायचं ठरवलं तेव्हा हाताशी होतं ते इंग्लंड-वेल्सचं १९३९चं नॅशनल रजिस्टर. या रजिस्टरमध्ये करता येण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका आम्ही करून बसलो.

मुळात हे रजिस्टर म्हणजे खानेसुमारी नव्हे. युद्ध पुकारल्यावर दोनच दिवसांनी, ५ सप्टेंबर १९३९ला, त्याचा कायदा झाला. २९ सप्टेंबर, शुक्रवार, हा नोंदणीचा दिवस. ६५ हजार प्रगणकांनी घरोघरी फॉर्म वाटले, मग ते गोळा करून जागेवरच ओळखपत्रं दिली. सुमारे चार कोटी माणसं त्यात आली. ओळखपत्र, रेशन आणि सैन्यभरती यांसाठी सरकारला माणसांची यादी हवी होती. तुमच्या-आमच्या वंशवृक्षाची फिकीर तेव्हा कुणाला होती!

तरीही आपल्याला ते सोन्याच्या मोलाचं. १९३१च्या खानेसुमारीचे इंग्लंड-वेल्सचे कागद डिसेंबर १९४२मध्ये मिडलसेक्समधल्या हेझच्या गोदामात जळाले. (ते बॉम्बहल्ल्यात गेले असं सर्रास सांगतात, पण त्या आगीशी शत्रूच्या विमानांचा संबंध नव्हता.) १९४१ची तर झालीच नाही. म्हणजे १९२१ ते १९५१ या तीस वर्षांच्या मोकळ्या जागेत एवढी एकच यादी उरते.

नाव टाकलं, काहीच आलं नाही

पहिली चूक इथेच होते. घरी लिहितो तसं स्पेलिंग टाकायचं, शून्य निकाल बघायचे आणि आजोबा त्यात नाहीत असं ठरवून मोकळं व्हायचं. आपण जे पान पाहतो ती फॉर्मवरून उतरवून काढलेली वही आहे आणि शोधयादी त्या वहीचं हस्ताक्षर वाचून केलेली आहे. कुलकर्णी किंवा देशपांडे हे आडनाव जन्मात न ऐकलेल्या माणसांच्या हातून ते दोनदा गेलेलं असतं. त्यातून आपलं तिहेरी नाव. मधलं नाव वडिलांचं, हे इंग्रज प्रगणकाला कुठून कळणार? त्याने वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं, किंवा आडनाव पहिल्या नावाच्या जागी गेलं, तर त्यात नवल नाही. आमचे आजोबा शेवटी सापडले तेव्हा त्यांचं पाळण्यातलं नाव आडनाव होऊन बसलं होतं.

तेव्हा नाव सोडा आणि जन्मतारीख धरा. या रजिस्टरमध्ये वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख आहे आणि ते ज्या संकेतस्थळांवर ठेवलंय (फाइंडमायपास्ट, अ‍ॅन्सेस्ट्री) तिथे नुसत्या तारखेने शोधता येतं. सोबत व्यवसाय किंवा गाव द्या. नाव द्यायचंच असेल तर पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे तारांकन.

पण आपल्याकडे जन्मतारीख हीसुद्धा सरळ गोष्ट नाही. एक तारीख शाळेच्या दाखल्यावरची, गुरुजींनी अंदाजाने लावलेली. १ जून हा निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस उगाच नाही. दुसरी पत्रिकेतली. पत्रिकेवर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण पौष-माघातल्या जन्माला हे चुकतं. शके १८३४च्या पौष वद्यातला जन्म १९१२मध्ये पडत नाही, तो १९१३च्या जानेवारी-फेब्रुवारीत जातो. शिवाय पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाला घरचे मंगळवारचा म्हणतील, इंग्रजी तारीख बुधवारची असेल. इथे आलेला विद्यार्थी बहुधा पासपोर्टावरची, म्हणजे दाखल्यावरची, तारीख सांगणार. दोन्ही तारखा, आणि प्रत्येकीच्या मागचा-पुढचा दिवस, टाकून बघा. आमचे आजोबा पत्रिकेपेक्षा वर्षाने मोठे निघाले.

वेम्बली लंडनमध्ये नाही

आज हॅरो, वेम्बली, ईलिंग, साउथॉल इथे राहणारी आपली मंडळी पणजोबांचा पत्ता ‘लंडन’ म्हणून शोधतात. १९३९ साली हे सगळे भाग मिडलसेक्स परगण्यात होते आणि १९६५पर्यंत तिथेच राहिले. हॅम्पस्टेड, पॅडिंग्टन मात्र लंडनमध्ये. परगणा चुकीचा निवडला की गाळणीतून बरोबर हवा तोच माणूस गळतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड तर या रजिस्टरमध्येच नाहीत. एडिनबरोला शिकलेल्या आजोबांसाठी नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे जावं लागतं, बेलफास्टसाठी तिथल्या सरकारी अभिलेखागाराकडे.

एका घरात म्हणजे एका कुटुंबात?

आता आमची सगळ्यात मोठी फजिती. आजोबा सापडले ते हॅम्पस्टेडच्या एका घरात. वरच्या ओळीत घरमालकीण, विधवा. खाली तिची मुलगी. त्याखाली एक काळी पट्टी, ‘ही नोंद अधिकृतरीत्या बंद आहे’. आणि त्याखाली आजोबा. मैत्रिणीच्या यजमानांनी पट्टीकडे बोट दाखवून जाहीर केलं, “हे आजोबांचं इकडचं मूल!” दोन आठवडे त्यांच्या घरात कुणी धड जेवलं नसेल. आजीचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे बघायचंही धाडस होईना.

या रजिस्टरला नात्याचा रकानाच नाही. कोण बायको, कोण भाडेकरू, कोण पाहुणा, काही लिहिलेलं नसतं. जन्मस्थळही नाही. विवाहित, अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित एवढंच कळतं. पाहुणा, नोकर, रुग्ण अशा खुणांचा एक रकाना दिसतो, पण तो वसतिगृहं, इस्पितळं, शाळा यांच्यासाठी. एकाच कुटुंबक्रमांकाखाली असणं याचा अर्थ एवढाच, की त्या रात्री ती माणसं एका छपराखाली होती.

आणि काळी पट्टी म्हणजे गुपित नव्हे. जन्माला शंभर वर्षं झाली नसतील आणि मृत्यूची नोंद रजिस्टरमध्ये नसेल, तर ती ओळ झाकतात. रजिस्टरमध्ये मृत्यू नोंदवणं १९९१मध्ये थांबलं. त्यानंतर गेलेल्या माणसाची ओळ शंभरी भरेपर्यंत झाकलेलीच राहते. मृत्यूचा पुरावा दिला तर आधीही उघडता येते. आमची पट्टी आपोआप उघडली. घरमालकिणीची धाकटी मुलगी, सोळा वर्षांची, शाळेत जाणारी.

त्या ओळीत आणखी एक धडा होता. तिचं आडनाव काळ्या शाईत लिहिलेलं, त्यावर रेघ, आणि वर वेगळ्या शाईत दुसरंच आडनाव. म्हणजे शाळकरी मुलीचं १९३९मध्येच लग्न झालं होतं? छे. ही वही १९३९ला लिहून कपाटात ठेवली नव्हती. १९४८मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिने हीच वही रोजच्या कामाला घेतली. कारकून १९९१पर्यंत त्यात नावं बदलत, मृत्यू टाकत राहिले. तेव्हा प्रत्येक खाडाखोडीला विचारा, ही कोणत्या वर्षीची? शेजारी तारीख असली तरी ती लग्नाची असेलच असं नाही, कारकुनाला कळलं तेव्हाची असू शकते. शोधयादीवर विसंबू नका, पानाचं छायाचित्र उघडून शाई बघा. बायका शोधताना याचा फायदाच होतो, माहेरचं आणि सासरचं नाव एकाच ओळीत मिळतं.

बायकांच्या नावापुढे बहुधा ‘विनावेतन घरकाम’ असं लिहिलेलं दिसेल. त्यावरून पणजी काही करत नव्हती असं ठरवू नका. खोल्या भाड्याने देणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकाही त्या शिक्क्याखाली झाकल्या गेल्या. आमची घरमालकीण चार भाडेकरू सांभाळत होती. तिच्यापुढेही तेच दोन शब्द.

घरात नाही म्हणजे मेला असं नाही

सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसं, बहुतेक मुलं, शहरांतून खेड्यांत हलवली होती. लंडनचं मूल त्या महिनाअखेरीला सॉमरसेटच्या शेतघरात सापडू शकतं. बराकीतले सैनिक या नोंदणीत नाहीत, आणि समुद्रावर असलेले खलाशीही. रत्नागिरीकडचे किंवा गोव्याचे पणजोबा बोटीवर होते, त्यांना इथे शोधणं म्हणजे विहिरीत समुद्र शोधणं. युद्धात बुडालेल्या बोटींवरच्या खलाशांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी विनामूल्य बघता येते. मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे.

एक प्रश्न मला नेहमी येतो. मग भारतातली १९४१ची खानेसुमारी का बघू नये? ती झाली, १ मार्च १९४१ला, युद्धामुळे तक्ते कापून. पण आपल्याकडे छापले जातात ते आकडे, आणि घरोघरच्या चिठ्ठ्या जपल्या जात नाहीत. तिथे आजोबांचं नाव मिळणार नाही. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, शाळेचं जनरल रजिस्टर आणि तहसीलमधला गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद, हाती लागतो का ते बघा. मोडी वाचणारा एखादा माणूस मात्र गाठावा लागतो.

इंग्लंडच्या बाबतीत शेवटचा उपाय घरातच असतो. जुन्या ट्रंकेत ते बारकं ओळखपत्र आहे का शोधा. त्यावर आधी भागाची अक्षरं, मग घराचा क्रमांक, मग घरातल्या माणसाचा क्रमांक. तेवढ्यावरून पान गाठता येतं, नाव कसंही लिहिलेलं असो. संकेतस्थळाची वर्गणी भरायची नसेल तर लंडनच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जाऊन तिथल्या संगणकावर फुकट बघता येतं. आजोबांचं ओळखपत्र आम्हाला पान सापडल्यानंतर मिळालं, आजींच्या शालूच्या घडीत. क्रमांक जुळला.